खवट या शब्दामुळे हरलेला डाव: एकाच अक्षरांचे जुने इंग्रजी शब्द कसे शिकावेत

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत आहे, शाळेकडून स्क्रॅबल खेळते, म्हणजे अक्षरांच्या टाइल पटावर जोडून इंग्रजी शब्द बनवण्याचा खेळ. सरावासाठी तिला शब्दांच्या याद्या दिल्या आहेत. त्यात तीच तीच अक्षरं उलटसुलट करून झालेले शब्द एका ओळीत छापलेले असतात आणि त्यातले निम्मे शब्द आई-वडिलांनी, शिक्षकांनी, कुणीच कधी ऐकलेले नसतात. ‘ही पोपटपंची करून घ्यावी का? या मेलेल्या शब्दांचा तिला काय उपयोग? आणि करायचीच असेल तर पाठ कशी करून घ्यावी?’

मी मुंबईत सव्वीस वर्षं हा खेळ खेळतो आहे आणि त्यातली चौदा वर्षं मुलांना शिकवतो आहे. माझं उत्तर असं: याद्या जरूर घ्या, पण प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी हे एका हरलेल्या डावातून शिकलो, म्हणून आधी तो डाव सांगतो.

माझ्या रॅकवर, म्हणजे टाइल ठेवायच्या पट्टीवर, ए, जी, आय, एन, आर, एस, टी अशा सात टाइल होत्या. याहून चांगली अक्षरं मागून मिळत नाहीत. सातही एकदम लावल्या की ५० गुण वरचे मिळतात. पण सात अक्षरी शब्द बसवायला पटावर कुठे जागाच नव्हती. होता तो एक ई, वरच्या कडेला खेटून. त्याच्या डोक्यावर एकच घर मोकळं, खाली सहा. म्हणजे मला आठ अक्षरी शब्द हवा होता आणि त्यात ई दुसऱ्या क्रमांकावर हवा होता. अँग्रिएस्ट, ग्रॅनाइट्स, इनग्रेट्स, गँट्रीज, गॅनिस्टर, सगळे मला पाठ होते. पण या प्रत्येकात ई सहावा किंवा सातवा येतो. मी सहा मिनिटं तो ई बघत बसलो, शेवटी दोन टाइल लावून चौदा गुण घेतले आणि डाव २३ गुणांनी गेला.

उठताना समोरच्या ज्येष्ठ खेळाडूंनी शांतपणे सांगितलं, ‘रीस्टिंग होतं तिथे. आर, ई, ए, एस, टी, आय, एन, जी.’ मी विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, इंग्लंडातल्या खेड्यांत हिवाळ्यासाठी डुकराचं मांस खारवून टांगून ठेवत. ते फार दिवस राहिलं, चरबीला वास यायला लागला, की म्हणत ते रीस्ट झालं. खवट झालं.

खवट! माझी आजी पावसाळ्यात डब्यातलं सुकं खोबरं काढायची, तुकडा मोडून नाकाशी न्यायची आणि बाजूला टाकायची. त्या दिवशी तो इंग्रजी शब्द त्या डब्यात जाऊन बसला आणि तिथून आजतागायत हललेला नाही. आधीच्या वर्षी मी तोच शब्द यादीतून तीनदा तरी वाचला होता. वाचून काही झालं नव्हतं.

आता पद्धत. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या ५०४० मांडण्या होतात. त्या डोक्यात फिरवत बसणं व्यर्थ आहे. त्याऐवजी आलेली अक्षरं वर्णानुक्रमे लावायची. रॅकवर काहीही क्रमाने आलेलं असो, ए-ई-जी-आय-एन-आर-एस-टी असं लावलं की ती एक किल्ली होते आणि त्या किल्लीने एकच कपाट उघडतं. खेळाडू या क्रमवार मांडणीला अल्फाग्राम म्हणतात. संगणकावर असे शब्द शोधणारे प्रोग्रॅमही हेच करतात: प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमाने लावायची, ज्यांची मांडणी सारखी ते एका गटात.

कल्पना मात्र खूप जुनी आहे. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञांनी स्प्रिंगचा नियम शोधला, पण तो लगेच उघड करायचा नव्हता आणि शोधाचा मान तर हवा होता. म्हणून १६७६ साली त्यांनी फक्त अक्षरं छापली: सी-ई-आय-आय-आय-एन-ओ-एस-एस-एस-टी-टी-यू-व्ही. नीट पाहा, ही अक्षरं वर्णानुक्रमेच आहेत. दोन वर्षांनी त्यांनी कुलूप काढलं: ‘उत तेन्सिओ सिक विस’, लॅटिनमध्ये ‘जेवढा ताण, तेवढं बळ’. तुमची मुलगी दोन-तीन वर्षांत भौतिकशास्त्रात हा नियम शिकेल. तेव्हा तिला ही गोष्ट सांगा.

सगळ्याच किल्ल्या सारख्या मोलाच्या नसतात. स्क्रॅबल तयार करणारे आल्फ्रेड बट्स हे अमेरिकेतल्या महामंदीत बेकार झालेले वास्तुविशारद. कोणत्या अक्षराच्या किती टाइल ठेवायच्या हे त्यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजून ठरवलं. (स्क्रॅबल हे नाव १९४८ सालचं, ते जेम्स ब्रुनो यांनी दिलं.) त्यांच्या १०० टाइलमध्ये ई १२, ए ९, आय ९, एन, आर आणि टी प्रत्येकी ६, एस ४. बेरीज करा, ५२ होते. निम्म्याहून जास्त पिशवी या सात अक्षरांनीच भरलेली आहे. म्हणून या अक्षरांच्या कुटुंबांपासून सुरुवात करायची. क्यू आणि झेडचे चमत्कारिक शब्द मुलांना फार आवडतात, ते नंतर.

या सातांचंच कुटुंब बघा. रिटेन्स आणि नॅस्टिअर हे शाळेतले शब्द. त्यांच्या शेजारी रेट्सिना, पाइनच्या डिंकाचा वास असलेली ग्रीक वाइन. मग स्टिअरिन, मेणबत्त्यांत वापरतात ती घट्ट चरबी. आणि रेझियंट, ‘रहिवासी’ या अर्थाचा कायद्यातला शब्द, जो आता वापरातून गेला आहे. पाच शब्द, तीच सात अक्षरं.

त्यात जी मिळवला की माझं हरलेलं कुटुंब येतं. यातला गॅनिस्टर मला सर्वांत प्रिय आहे. उत्तर इंग्लंडात कोळशाच्या थरांखाली हा कठीण, वाळूमय दगड सापडतो. तो भट्ट्यांना आतून लावायचे, कारण तो आगीत टिकतो. गँट्री हा शब्द आपण रेल्वेमार्गावरच्या लोखंडी कमानींसाठी वापरतो, पण मुळात ती पिंपं आडवी ठेवण्याची लाकडी घोडी होती. ग्रॅनाइटमध्ये ‘ग्रेन’ म्हणजे दाणा आहे, दाणेदार दगड. इनग्रेट म्हणजे कृतघ्न. या सगळ्यांच्या पंगतीला टेझरिंग येऊन बसलं आहे, पोलिसांच्या विजेच्या पिस्तुलावरून आलेलं अगदी अलीकडचं क्रियापद. भट्टीचा दगड, पिंपाची घोडी, खवट मांस आणि विजेचं पिस्तूल. एवढी चित्रं डोळ्यांसमोर असली की मुलगी यादी विसरत नाही.

लहान कुटुंबांत तर आणखी मौज आहे. ए-ई-आर-एस-टी घ्या. स्टेअर, रेट्स, टिअर्स हे सगळ्यांना सुचतात. अ‍ॅस्टरही सुचायला हवं, गणपतीत फुलवाल्याकडे ढिगानं असतं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ तारा, आणि आपला ‘तारा’ त्याच मुळाचा. रीस्ट इथे पाच अक्षरांत पुन्हा भेटतो. पण मी मुलांना थांबवतो ते स्ट्रे या शब्दावर, एस-टी-आर-ए-ई. स्कॉटिश बोलीत याचा अर्थ पेंढा, इंग्रजी ‘स्ट्रॉ’चाच भाऊ. पूर्वी पेंढ्याच्या गादीवर झोपत, म्हणून लढाईत न मरता घरी अंथरुणावर शांतपणे आलेल्या मरणाला तिथे ‘स्ट्रे डेथ’ म्हणत. एका वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘सर, आमचे आजोबा तसेच गेले.’ वर्ग थोडा वेळ गप्प होता. तो शब्द त्या वर्गातलं कुणी विसरलेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘मेलेल्या शब्दां’बद्दल. मराठी घरातल्या मुलीला यातले कितीतरी शब्द परके नाहीतच.

एस-ओ-ओ-टी-एच, सूथ. अक्षरं फिरवली की शूट होतं, हूट्स होतं. सूथ म्हणजे सत्य. शेक्सपिअरच्या काळी सर्रास, आज फक्त ‘सूथसेयर’सारख्या जोडशब्दात, म्हणजे भविष्य सांगणारा, उरला आहे. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की सूथ आणि संस्कृत ‘सत्’, ‘सत्य’ एकाच मुळाचे आहेत, ‘असणे’ या धातूचे. जे आहे ते खरं. इंग्रजीने हा शब्द अडगळीत टाकला, आपण रोज वापरतो.

एस-डब्ल्यू-ए-आय-एन घ्या. स्वेन म्हणजे खेड्यातला पोरगा, गुराखी. एस शेवटी नेला की वेन्स, वेन म्हणजे माल वाहणारी जड गाडी. तिचं मूळ आणि आपल्या ‘वाहन’ शब्दातल्या ‘वह्’चं मूळ एकच. ई-आर-एस-टी मध्ये रेस्ट आहे, अर्स्ट म्हणजे ‘पूर्वी’ आहे आणि रेट्स आहे. इथला रेट म्हणजे दर नव्हे, हा आर-ई-टी आहे: जवसाच्या काड्या पाण्यात कुजवून धागा सोडवणं. तागाचं आणि अंबाडीचं आपल्याकडे हेच करतात. एल-ई-ए-टी-एस, लीट्स, ही ‘टेल्स’ आणि ‘स्लेट’ची अक्षरं. लीट म्हणजे ओढ्याचं पाणी उताराने पाणचक्कीपर्यंत नेणारा चर, सरळ आपला पाट. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूरच्या माळावर असे पाट आजही दिसतात. प्लिमथ शहराला पाणी आणणारा असा एक पाट १५९१ साली पुरा झाला.

आणि काही तर आपल्याच घरातून गेलेले. ए-एल-ओ-टी या चार अक्षरांत आल्टो आहे, लोटा आहे आणि तोळा आहे. तिन्ही शब्द खेळात चालतात. आय-ओ-आर-टी मध्ये रायट, ट्रायो, रोटी, आणि टायरो, म्हणजे नवशिका, रोमन सैन्यातला नवा भरती झालेला शिपाई. नान आणि आणा हे दोन्ही ए-ए-एन-एन. रुपी फिरवला की प्युरे होतो. ‘पाइस’, पी-आय-सी-ई, म्हणजे आपले जुने पैसे, फिरवले की एपिक. ए-बी-ई-एल मध्ये बेल आहे, महादेवाला वाहतो तो. त्याच अक्षरांत एबल आहे. बी-ए-एल-ई म्हणजे अनिष्ट, दुःख, ज्याचं इंग्रजीत फक्त ‘बेलफुल’, म्हणजे अनिष्टसूचक, हे विशेषण उरलं. ब्ले म्हणजे स्कॉटिश बोलीत काळसर निळा. आणि ऑल्बी म्हणजे ‘जरी’, सोळाव्या शतकातल्या स्पेन्सर या इंग्रज कवीच्या कवितेतला. तुम्ही ठाण्याला राहत असाल तर मुलीला सांगा की तिच्या शहराचं इंग्रजी स्पेलिंग म्हणजे थेन, राजाकडून जमीन मिळालेला जुना इंग्लिश सरदार, आणि फिरवलं की नीथ, ‘खाली’ या अर्थाचा काव्यातला शब्द. मुलांना हे सांगितलं की ती स्वतःहून शोधायला लागतात.

अर्थ कळण्याचा फायदा आठवणीपुरता नाही, तो थेट गुणांत दिसतो. अर्थ कळला की शब्दाची जात कळते, आणि जात कळली की त्याला पुढे काय जोडता येईल ते कळतं. बेल हे झाड आहे, नाम आहे, त्याला एस लागणार. रेट हे क्रियापद आहे, रेटेड आणि रेटिंग होणार, टी दुप्पट करून. ऑल्बी हे उभयान्वयी अव्यय आहे, त्याला एस लावून कुणी खेळलं तर तिने बेधडक हरकत घ्यावी. निव्वळ पाठ करणाऱ्या मुलाला इथे प्रत्येक वेळी वेगळी यादी आठवावी लागते.

याला एक सुंदर अपवाद आहे आणि तो मी आवर्जून शिकवतो. ई-एफ-एन-ओ-ओ-एस-टी ही किल्ली. यात फेस्टून आहे, म्हणजे फुलापानांची माळ, दारावर लोंबती सोडलेली. आपण तोरण म्हणू. दुसरा शब्द एफ्टसून, ‘लगोलग, त्यानंतर लवकरच’. १७९८ साली छापलेल्या कोलरिज या इंग्रज कवीच्या म्हाताऱ्या खलाशावरच्या कवितेत तो आहे, आणि त्या काळीही तो मुद्दाम जुना म्हणून वापरलेला. आता फेस्टूनला एस लागून फेस्टून्स होतं, तोरणं, हे सरळ आहे. पण एफ्टसूनलाही एस लागून एफ्टसून्स होतं! क्रियाविशेषणाला अनेकवचन कसं? तो एस अनेकवचनाचा नाहीच. जुन्या इंग्रजीत षष्ठीचा प्रत्यय लावून क्रियाविशेषण करत. ‘ऑल्वेज’च्या शेवटी असलेला एस तोच. म्हणून ही जोडी सात अक्षरांतही जुळते आणि आठांतही. अशी जोडी विरळा.

तुम्ही विचाराल, एवढे जुने शब्द खेळात आले कसे? ब्रिटनमधली अधिकृत यादी १९८८ साली चेंबर्सच्या शब्दकोशावरून बनली. तो कोश स्कॉटिश बोलीतले आणि स्पेन्सर-शेक्सपिअरचे शब्द जपून ठेवण्यासाठी प्रसिद्ध आहे. पुढे यादी कॉलिन्स या प्रकाशकाकडे गेली, पण आत आलेले बहुतेक शब्द आतच राहिले. आज तिच्यात सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत आणि भारतातल्या स्पर्धा तिच्यावरच खेळतात. अमेरिकेची यादी वेगळी आणि लहान आहे. म्हणून इंटरनेटवरून यादी उतरवताना ती कोणत्या देशाची आहे हे आधी पाहा. माझ्याकडे आलेल्या दोन मुलांनी एक अख्खी सुट्टी चुकीच्या यादीवर घालवली होती.

माझ्या म्हणण्याविरुद्धचं सर्वांत मोठं उदाहरणही सांगायला हवं. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. काही आठवड्यांत त्यांनी फ्रेंच शब्दयादी डोक्यात भरली होती. २०२४ साली त्यांनी स्पॅनिशमध्येही तेच केलं. म्हणजे अर्थाशिवाय जगज्जेता होता येतं, हे सिद्ध आहे. पण तशी स्मरणशक्ती मी इतक्या वर्षांत समोर बसलेल्या कुणात पाहिली नाही. आपल्या मुलांना आधार लागतो. आणि तेरा वर्षांच्या मुलीने स्क्रॅबल पुढे सोडलं तर तिच्याजवळ काय राहणार, याचाही विचार शिकवणाऱ्याने करायला हवा. यादी दोन वर्षांत पुसली जाते. सूथ आणि सत्य एक आहेत, हे पुसलं जात नाही.

लांब शब्दांच्या मागे मात्र लागू नका. मार्क डॉमिनस या अमेरिकन प्रोग्रॅमरने २०१७ साली एका मोठ्या कोशातले सगळे शब्द संगणकाला दिले आणि एका शब्दाचे किती तुकडे केले की दुसरा होतो, यावरून जोड्यांना गुण दिले. पित्ताशय आणि आतडं जोडण्याच्या शस्त्रक्रियेची २२ अक्षरी नावं त्यात खाली गेली, कारण ती नुसती पुढचा भाग मागे नेऊन होतात. पहिली आली ती ‘सिनेमॅटोग्राफर’ आणि ‘मेगाकायरॉप्टेरन’ ही जोडी. दुसरा शब्द म्हणजे मोठ्या वटवाघळांच्या गटातला प्राणी. पंधरा अक्षरं, आणि एकातून दुसरा करायला चौदा तुकडे! पटाची एक ओळही बरोबर पंधरा घरांची असते. पण हे कौतुकाने पाहायचं. डाव जिंकून देतात ते सात-आठ अक्षरीच.

आपल्याकडे हा खेळ वेगळ्या रीतीने चालतो, कारण आपलं अक्षर काना-मात्रा घेऊनच हलतं. मगर–गरम, कमल–कलम, पालक–कपाल. लहान मुलाला आधी हे खेळवा. अक्षरं जागा बदलतात आणि अर्थ पार बदलतो, ही गंमत मातृभाषेत एकदा अंगात भिनली की इंग्रजी टाइल हाताला हलक्या लागतात.

रोजच्या सरावाचं सांगतो. जाड कागदाची पत्त्याएवढी कार्डं कापा. पुढे फक्त क्रमाने लावलेली अक्षरं, शब्द लिहायचा नाही. मागे त्या कुटुंबातले सगळे शब्द आणि अनोळखी शब्दापुढे मराठीत चार-पाच शब्दांत अर्थ, तिच्याच अक्षरात. दुसऱ्याने लिहून दिलेलं कार्ड निम्मंही लक्षात राहत नाही. दिवसाला आठ नवी कार्डं पुरे. कुटुंबातला एक जरी शब्द राहिला तरी कार्ड नापास, ते उद्या परत. सगळे आले तर तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. आणि प्रत्येक शब्दात ई कितव्या जागी येतो हे कार्डाच्या कोपऱ्यात आकड्यात लिहायला सांगा. रीस्टिंगपुढे माझ्या कार्डावर लाल शाईने २ लिहिलेला आहे.

सुरुवात ए-एल-ओ-टी या कार्डाने करा. ती पहिले तीन शब्द शोधत असताना तुम्ही स्वयंपाकघरातून पाण्याचा लोटा आणून तिच्यापुढे ठेवा.